आरोपीच्या कोटात लेया मॅडम

लेया मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आरोपी होत्या.

पनवेलच्या आमच्या विधी महाविद्यालयात मी नुकतीच रुजू झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून दार ढकललं. आत टेबलाशेजारच्या खुर्चीत पुरुषाचा काळा कोट घातलेली एक ठेंगणी, गोरी, साठीची बाई पाय जुळवून बसली होती. कोटाला पितळी बटणं. समोर बाकावर तीन विद्यार्थी न्यायाधीश म्हणून बसलेले, आणि एक धिप्पाड मुलगा त्या बाईच्या तोंडापाशी बोट नाचवत ओरडत होता, "तू माणूस हायस का जनावर? लाज नाय वाटली?" बाई कनवाळूपणे हसली. म्हणाली, "बाळा, घसा बसेल तुझा. पाणी पी." मुलानं टेबलावरचं डस्टर उचललं आणि तिच्या अंगावर फेकलं.

मी शिपायाला हाक मारायला वळणार, तेवढ्यात बाईनं कोटावरचा खडू झटकला, न्यायाधीशांकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझं वय झालंय, महाराज. सवय आहे मला. या मुलाला शिक्षा करू नका." तिन्ही न्यायाधीश ओशाळले. आपसात कुजबुजले आणि त्यांनी आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडून दिलं. मग बाईनं कोट काढला, त्याची घडी घातली, आणि त्याच क्षणी तो कनवाळूपणा तिच्या चेहऱ्यावरून पुसून टाकल्यासारखा गेला. ती त्या मुलाला म्हणाली, "राग आला ना, वकीलसाहेब? छान झालं. पण उतू घालवलात. आता बसा ओटा पुसत."

मॅडम गेल्या त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. आमचे प्राचार्य बोलायला उठले. "लेया मॅडम म्हणजे वात्सल्याचा झरा होत्या. त्यांच्या मनात कुणाविषयीच कटुता नव्हती. क्षमा हाच त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता." माझ्या शेजारी मॅडमची विद्यार्थिनी निकिता घरत बसली होती. तिनं माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी रुतली. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही याचा इतका राजरोस फायदा घेतलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले. लेख सुडानं लिहिलेला आहे हे आधीच सांगते. मॅडमना तो त्यामुळेच आवडला असता.

लेया कोळखेकर पनवेलच्याच, बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी ज्यू. इस्रायल आळीत वाढल्या, तिथेच संसार केला, आणि आळीतली एकेक घरं रिकामी होऊन माणसं इस्रायलला गेली तरी त्या हलल्या नाहीत. मुलगा तिकडेच, अश्दोदला. तो दर आठवड्याला फोन करून "आई, ये" म्हणायचा आणि या म्हणायच्या, "माझी केस चालू आहे रे." आडनावामुळे नवीन माणसं त्यांना हिंदू समजायची, संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायची. त्या जायच्याही. वाण घेऊन यायच्या. शुक्रवारी मात्र सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरचा गॅस बंद व्हायचा, आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, कुणी कितीही मोठं काम काढलं तरी उत्तर एकच, "उद्या या."

नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे दर बुधवारी एक तास घ्यायला येऊ लागल्या. विषय होता युद्धात बायकांवर झालेले अत्याचार आणि त्या बायकांनी मागितलेला न्याय. बुधवार त्यांनी हट्टानं मागून घेतला होता. युद्धात जपानी फौजेनं कोंडून ठेवलेल्या कोरियातल्या बायका आज्या झाल्या तरी वर्षानुवर्षं बुधवारी जपानी वकिलातीसमोर जाऊन बसत, म्हणून. "त्या थंडीत, पावसात बसायच्या. तुम्हाला पंख्याखाली बसायला काय होतंय?" असं त्या पेंगणाऱ्या पोरांना विचारायच्या. बोस्नियातल्या बायांनी परक्या शहरातल्या कोर्टात पडद्याआडून, बदललेल्या आवाजात साक्षी दिल्या आणि माणसं तुरुंगात घातली, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. एखादी बाई भाचीच्या लग्नाचं सांगताना जशी खुलते, तशा त्या खुलायच्या. बांगलादेशाच्या युद्धाचं सांगताना मात्र आवाज खाली यायचा. "सरकारनं त्या बायांना वीरांगना म्हटलं. घरच्यांनी दारं लावून घेतली. पदवी मिळाली, आरोपी मिळाला नाही."

आणि सत्राच्या शेवटी हा खटला. दरवर्षी. देश नसलेला एक देश, नाव नसलेलं एक युद्ध, नदीकाठी पिवळ्या रंगाचं एक घर, त्या घरात कोंडलेल्या बायका, आणि त्या भागाचा लष्करी अधिकारी असलेला एक जनरल. वकील विद्यार्थी, न्यायाधीश विद्यार्थी. जनरल मात्र मॅडम स्वतः. कोट त्यांच्या नवऱ्याचा, सॅम्युएलभाऊंचा. "बिचाऱ्यानं जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, आणि बघ त्याच्या कोटातून काय निघतंय," असं त्या बटणं लावता लावता म्हणायच्या.

पीडितेचं काम कुणी करायचं नाही, असा त्यांचा नियम होता. एक रिकामी खुर्ची ठेवायची. कुणीतरी त्या खुर्चीमागे उभं राहून तिची साक्ष वाचायची. साक्ष मॅडमनी लिहिलेली, ठिकठिकाणच्या खऱ्या साक्षी वाचून वाचून. "तिचं सोंग घ्यायची तुमची लायकी नाही, माझीही नाही. जनरलचं घेऊ शकतो. तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे."

खटला रंगायचा आणि जनरल सुटायचा. दरवर्षी सुटायचा.

एका वर्षी सरकारी वकील झालेली मुलगी फार हळवी होती. साक्ष वाचायची वेळ आली तेव्हा तिनं साक्षीच्या कागदावर हात ठेवला. ती न्यायाधीशांना म्हणाली, "मी विनंती करते की हे सगळं इथे वाचू नये. त्या स्त्रीला आपण आणखी किती त्रास द्यायचा?" वर्गात बऱ्याच मुलींनी डोळे पुसले. तेव्हा जनरल खुर्चीतून उठला, रिकाम्या खुर्चीसमोर गेला, हात जोडले आणि म्हणाला, "मी अगदी सहमत आहे. या माउलीला आता शांतता मिळू द्या." साक्ष वाचली गेली नाही, पुरावा उरला नाही, जनरल सुटला. कोट काढल्यावर मॅडम त्या मुलीला म्हणाल्या, "ती बोलायला आली होती. तू तिला घरी पाठवलंस. वर सहानुभूतीपण दाखवलीस."

दुसऱ्या एका वर्षीची गंमत फक्त आमच्या पनवेलातच होऊ शकते. त्या वर्गात उलवे, कोन, ओवे अशा गावांतली मुलं जास्त होती. विमानतळ, रस्ते, वसाहती यांत घरोघरच्या जमिनी गेलेल्या. भरपाई, वाटाघाटी, मोर्चा, पुनर्वसन हे शब्द त्या पोरांनी बाराखडीच्या आधी ऐकलेले. सरकारी वकील उलव्याचा कडू नावाचा मुलगा. त्यानं जनरलला असा काही घेरला की बघत राहावं. शेवटी दोन्ही बाजूंचे वकील कोपऱ्यात गेले, बोलणी झाली, आणि हा छाती काढून परत आला. "महाराज, समझोता झालेला हाय. प्रत्येक बाईला मोठी भरपाई, घरटी एक नोकरी, आणि विकसित भूखंड. तोपण रोड-टच, एकदम रस्त्याला लागून!" वर्गात शिट्ट्या. पोरं खरोखर खूश होती, त्यांच्या घरच्यांना इतकं चांगलं पॅकेज कधी मिळालं नव्हतं. जनरलनं खिशातून पेन काढलं आणि प्रेमानं विचारलं, "कुठे सही करू, बाळा?"

त्या दिवशी मॅडमनी कोट काढला नाही, ओरबाडून फेकला. "ती बाई म्हणजे विमानतळाची जमीन वाटली तुम्हाला? घेतली, मोबदला दिला, सातबारा साफ?" कडू कावराबावरा झाला. "पण मॅडम, तिला काईतरी मिळाला ना?" "तिनं काय मागितलं होतं ते वाच." कडूनं कागद उचलला आणि वाचलं. साक्षीच्या शेवटी एकच मागणी होती, त्याला शिक्षा करा. कडूनं नंतर मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडमच्या जल्माला काय झालेला का ओ?"

हा प्रश्न स्टाफरूममध्येही होताच. चहाच्या वेळेला कुजबुज चालायची. एवढी चिडते म्हणजे बाईवर कधीतरी काहीतरी गुदरलेलं असणार. एकदा एका सहकाऱ्यानं आडून आडून विचारलंच. मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्यावर झालं असेल तरच मला चिडायचा हक्क? नसेल झालं तर मी तुमच्यासारखं बिस्किट बुडवत बसायचं?" त्या गृहस्थांचं बिस्किट खरंच चहात पडलं. मला फार बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मला त्यांनी सांगितलं ते आपणहून. एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले होते. उन्हं कलायच्या आत स्वयंपाक उरकायची त्यांची घाई चालली होती, मी खोबरं खवत होते.

त्यांची एक मावशी होती, आईची मोठी बहीण. या बहिणींचे वडील रंगूनला रेल्वेत, तिथेच सगळं कुटुंब. युद्ध पेटलं तेव्हा धाकट्या मुलांना घेऊन त्यांची आई, म्हणजे मॅडमची आजी, पनवेलला निघून आली, ही मोठी मुलगी आजारी वडिलांपाशी राहिली. वडील वारले. जपानी फौज आली. युद्ध संपल्यावर मावशी बोटीनं परत आली. "मधली वर्षं ती कुठे होती हे घरात कुणी विचारलं नाही, शुभदा. सगळे इतके चांगले ना! तिला त्रास नको म्हणून कुणी विचारलं नाही. चांगुलपणानं मारली तिला."

मावशीनं लग्न केलं नाही. आळीतल्या मुलांना शिवण शिकवायची. बेने इस्रायली घरात काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताची प्रार्थना. घरात कुणाचाही मलिदा असो, मावशी सगळ्यांना वाढायची आणि स्वतः तोंडात घास घालायची नाही. "माझा अजून व्हायचाय," म्हणायची. लहानपणी लेयाला वाटायचं, मावशीला लग्न करायचं असेल. पुढे लेया कॉलेजात जायला लागली तेव्हा एके दिवशी शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या मावशीनं सांगून टाकलं. एका अधिकाऱ्याचं घर होतं, त्यात तिला आणि इतर मुलींना ठेवलं होतं. "तो कधी ओरडायचा नाही म्हणाली. हात स्वच्छ असायचे. रोज सकाळी दारात उभा राहून विचारायचा, जेवलीस का?"

मावशीचा नवस होता, त्याला शिक्षा झाली की मलिदा करीन. मरायच्या आधी तिनं तो भाचीच्या ओटीत टाकला.

मॅडम कांदा चिरता चिरता थांबल्या. "तो आता मेला असणार. अंथरुणात मेला असणार. नातवंडांनी तोंडात पाणी घातलं असणार. मी अनेकदा डोळ्यांसमोर आणते ते अंथरूण, आणि पेटवून देते." मग खिडकीतून उन्हाकडे बघत म्हणाल्या, "आटप गं, गॅस बंद करायचाय."

त्यानंतरच्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. दवाखान्यानं वार ठरवून दिले त्यात बुधवार होता, तो यांनी भांडून बदलून घेतला. चेहरा काळवंडला, हातावर सुयांच्या गाठी आल्या, पण कोट येतच राहिला. मला एकदा जिना चढताना धाप लागून म्हणाल्या, "मला एकदा तरी जनरलला दोषी ठरलेलं बघायचंय. पोरांना सांगू नकोस. दया म्हणून ठरवतील, तर माझा काय उपयोग?"

त्याच वर्षी प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी सोबत होते. विषय नाजूक आहे, मुलींच्या घरचे काय म्हणतील, पुढच्या वर्षापासून हा खटला नको, वगैरे झालं. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "आणि मॅडम, तुमच्या बोलण्यात सूड फार असतो. आपण न्याय म्हणू या ना." मॅडम म्हणाल्या, "सर, ज्याचं काही गेलेलं नसतं तो न्याय म्हणतो. जिचं गेलंय ती सूडच म्हणते. तिनं तो स्वतःच्या हातानं न घेता कोर्टात आणून दिला, ही तिची मेहेरबानी. तुम्ही वर तिला भाषा शिकवू नका." प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मॅडमनी तो घेतला नाही. म्हणजे खटला होणार तर हा शेवटचाच होता, हे त्या केबिनमधून बाहेर पडताना आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्या वर्षीची सरकारी वकील निकिता घरत. उलव्याची. वडिलांची जमीन विमानतळात गेली, आलेला पैसा काकांनी गाड्यांत उडवला, आणि आईनं बांधकामावरच्या बिगाऱ्यांसाठी खानावळ काढली. निकिता पहाटे आईबरोबर भात-डाळीची पातेली उतरवून कॉलेजला यायची. वर्गात मागे बसायची, फारसं बोलायची नाही. मला तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. मॅडमना होती की नाही, त्यांनी सांगितलं नाही.

साक्ष वाचून झाली. निकिता उठली, हातात कागद नाही. आरोपीसमोर जाऊन म्हणाली, "आजोबा, बसायला बरं आहे ना?"

जनरल खूश. "छान आहे, बाळा."

"तुमची छावणी मोठी होती?"

"मोठी. आणि शिस्तीची."

"सकाळी उठून पहिलं काम काय करायचात?"

"भटारखान्यात चक्कर. स्वतः जायचो. माझ्या छावणीत कधी कुणी उपाशी झोपलं नाही. हे माझे शत्रूसुद्धा सांगतील."

हे वाक्य दरवर्षी यायचं. दरवर्षी वकील ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नावर जायचे. म्हाताऱ्याचा मोठेपणा म्हणून सोडून द्यायचे. निकिता तिथेच थांबली.

"कोणीच नाय?"

"कुणीच नाही."

"माझी आय खानावळ चालवते, आजोबा. रोज सकाळी मुकादम येऊन सांगतो, आज एवढी माणसं जेवणार. तो सांगत नाय तवर ती तांदूळ धूत नाय. तुमच्या भटारखान्यात कोण सांगायचा?"

"मीच. ताटं माझ्या शब्दावर निघायची."

"शिपायांची?"

"शिपायांची, जखमींची, कैद्यांची. सगळ्यांची."

"आणि नदीवरच्या पिवळ्या घरात जेवान जायचं?"

"ते घर मला ठाऊकच नव्हतं, खालच्या लोकांनी परस्पर केलेला उद्योग," असा जनरलचा बचाव दरवर्षी असायचा. आता नाही म्हणावं, तर त्याच्या छावणीत बायका उपाशी राहत होत्या. हो म्हणावं, तर घर ठाऊक होतं. जनरलनं रुमाल काढून ओठ पुसले. "बाळा, युद्धात हजार गोष्टी..."

"हजार नको. एक सांगा. जायचं का नाय?"

"...जायचं."

"साक्षीत लिहिलंय, एक साहेब रोज सकाळी दारात येऊन विचारायचा, जेवलीस का? तो कोण, आजोबा? ताटं पोचली का ते बघायला कोण जायचा?"

ते वाक्य साक्षीत होतं. मी किती वर्षं ऐकत होते, खोबरं खवताना ते मावशीच्या तोंडचं म्हणून ऐकलंही होतं, आणि तरी जनरलच्या भटारखान्याशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मॅडमनी दोन्ही टोकं दरवर्षी समोर ठेवली होती. जनरलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"मीच विचारायचो," जनरल म्हणाला. "माणुसकी म्हणून."

निकितानं न्यायाधीशांकडे पाहिलं. "माझं झालं," म्हणाली आणि जाऊन बसली.

न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. दोषी. जन्मठेप. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, बाकं वाजवली. जनरलच्या खुर्चीतून मॅडमचा आवाज आला, "टाळ्या कसल्या वाजवता? आरोपी अजून इथेच बसलाय. घेऊन जा त्याला." काय करायचं कुणाला कळेना. मग निकिता उठली, दंडाला धरून त्यांना उठवलं आणि वर्गाबाहेर काढलं. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात भिंतीला टेकून मॅडमनी कोटाची बटणं सोडवायचा प्रयत्न केला, त्यांना जमेना, मी सोडवली. समोरच्या जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मावशी, एक झाला गं." आणि रडायला लागल्या. खूप रडल्या. निकिता गोंधळून माझ्याकडे बघत होती.

नंतर रिक्षात मी विचारलं, मुद्दाम अडकलात का? त्या वैतागल्या. "वेडी आहेस का? त्या क्षणी मला सुटायचं होतं. आतून शप्पथ सांगते, काय वाटेल ते बोलून सुटायचं होतं. सुटता येईना!" मग एकदम हसल्या. "काय मजा आली असेल गं मावशीला."

रविवारी त्यांच्या घरी मलिदा झाला. आळीत उरलेली माणसं आली, सगळा वर्ग आला. प्रार्थना झाली. मी हळूच म्हटलं, नवस तर खऱ्या माणसाच्या शिक्षेचा होता. "तो मला कुठे सापडणार? एका खोलीत, चार लोकांत, त्याच्या स्वतःच्या तोंडानं कबूल झाला. एलियाहू हन्नबीला चालेल. नाही चाललं तर वर गेल्यावर भांडीन." पहिली बशी निकिताच्या हातात दिली. दुसरी स्वतः घेतली. डायलिसिसवाल्या माणसाला केळं नाही, खोबरं नाही, हे मला ठाऊक होतं, मी हात धरायला गेले. त्यांनी माझा हात झटकला आणि दोन बशा खाल्ल्या, खोबऱ्यासकट, केळ्यासकट. शेवटचा घास खाऊन पोरांना म्हणाल्या, "तुरुंगात त्याला जेवलास का म्हणून विचारायला कुणी जायचं नाही हं."

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. मुलगा अश्दोदहून आला, रिवाजाप्रमाणे सुतकाचा आठवडाभर घरात बसला, घर आवरलं, आणि कोट निकिताला देऊन गेला. खटला बंद करायचा निर्णय प्राचार्यांचा होता. शोकसभेनंतर मी आणि निकिता त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि मॅडमच्या स्मरणार्थ खटला चालू ठेवावा असा अर्ज दिला. क्षमाशील मॅडमच्या स्मृतीला नाही म्हणायला त्यांना जागाच उरली नव्हती. त्यांच्याच भाषणात त्यांना असं अडकवताना मला जे सुख झालं ते मी लपवत नाही.

यंदा बुधवारचा तास माझ्याकडे होता आणि कोटात निकिता होती. आता ती पनवेलच्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. तिचा जनरल वेगळा आहे. ऐसपैस बसतो, सगळ्यांना "काय पोरांनो, कसा हाय?" म्हणतो, गावच्या लग्नात भेटणाऱ्या काकांसारखा. मुलांनी मागच्या खटल्याची गोष्ट ऐकलेली होती. त्यांची वकील, पहिल्या वर्षाची एक किडकिडीत मुलगी, उठली ती थेट भटारखान्यावरच गेली. जनरलनं डोळे मिचकावले. "भटारखाना माझ्याकडं नव्हताच, पोरी. तुला कोणी सांगितला?" तिच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता. जनरल सुटला.

वर्ग रिकामा होत होता. ती मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला नव्हता. कोटातल्या माणसाकडे रोखून बघत म्हणाली, "तुला नाय सोडणार मी."

निकितानं ग्लास पुढे केला. "पाणी पी, बाळा."

त्या मुलीनं ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या बुधवारी मी वर्ग उघडायला गेले तेव्हा ती दाराशी येऊन थांबली होती.